नवी का घेत नाही?

'नवी का घेत नाही?' हा प्रश्न जगात ज्याने पहिल्यांदा विचारला, त्या सद्गृहस्थाला कोणीतरी माझ्यासमोर आणून उभं करावं. मला त्याच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. शब्द चारच आहेत, पण गेली तीन वर्षं मी ते घासूनपुसून ठेवले आहेत.

प्रश्न विचारला जातो तो माझ्या बोटीबद्दल. मी राहतो अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात. इथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार सरोवरं' असं छापलेलं असतं आणि उरलेल्या जागेत नंबर. एवढं पाणी दाराशी असल्यावर बोट असणं हे आपल्याकडे घरात शिलाईचं मशीन असण्याइतकंच साहजिक. माझी बोट 1984 सालची आहे. 19 फुटी स्की-बोट. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव मोठं आहे, आणि वकिलाची फी द्यायला माझ्याकडे पैसे उरलेले नाहीत. ते सगळे रेझिनमध्ये गेले.

स्की-बोट म्हणजे पायाला फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जाणाऱ्या माणसाला दोरीने ओढून नेणारी बोट. 'यात बसलेल्याला काय मजा आणि मागे फरफटणाऱ्याला काय मजा?' असं आमच्या आईने फोटो बघून विचारलं होतं. हा प्रश्न रास्त आहे. पण तो खेळाबद्दल आहे, बोटीबद्दल नाही. बोटीबद्दल मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. ही बोट गेली तीन वर्षं माझ्या गॅरेजात उबेला आहे, माझी मोटार बाहेर बर्फात उभी आहे, आणि मी रोज संध्याकाळी तिच्या पोटात शिरून तिला दुरुस्त करतो आहे. इतकाच माझा गुन्हा.

आता मराठीत बोलायचं तर पहिला घोटाळा भाषेचाच होतो. मिरजेच्या आत्याला मी फोनवर खुशाली सांगत होतो. म्हटलं, 'बोट वरून छान दिसत होती गं, पण कापून बघितली तर आत सगळं कुजलेलं. आता कुजकं सगळं खरवडून काढलंय.' फोनच्या खरखरीत माझं स्त्रीलिंग वाटेत कुठेतरी गळून पडलं असावं. आत्या किंचाळली, 'अरे मेल्या, साखर तपासलीस का?' मी म्हटलं, 'साखर कशाला? हे ओलाव्याने झालंय.' ती म्हणाली, 'तू पहिल्या विमानाने इकडे ये. मिरजेसारखे डॉक्टर तुमच्या अमेरिकेत नाहीत.' खुलासा व्हायला दहा मिनिटं लागली. पण आत्याचा मला राग नाही. निदान 'नवं बोट घे' असं तरी ती म्हणाली नाही.

म्हणणारे बाकीचे सगळे आहेत. त्यांत अग्रभागी आमचे एक सी.ए. मित्र. त्यांनी माझ्या बोटीचा ताळेबंद केला, मला न विचारता. नव्या स्की-बोटीची किंमत आज लाख डॉलरच्या पुढे जाते, हे त्यांना मान्य. माझी जुनी बोट मी एका बऱ्या सोफ्याच्या किमतीत आणली, हेही मान्य. पण मग त्यांनी माझ्या नोकरीतला ताशी दर काढला, त्याला माझ्या गॅरेजातल्या तासांनी गुणलं, आणि विजयी मुद्रेने कागद माझ्यापुढे सरकवला. 'ही तुला नवीपेक्षा महाग पडली!'

अहो, या हिशेबाने कोणती गोष्ट स्वस्त पडते? सवाई गंधर्वला मांडी घालून बसलेल्या माणसाचं ताशी किती नुकसान होतं, ते काढा एकदा. नातवाला काऊचिऊची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना बाजारभावाने बिल करायला लावा. आणि हे स्वतः दर शनिवारी गोल्फ खेळतात. मैलोन्‌मैल चालून एक चेंडू अठरा भोकांत घालायचा, एवढंच काम ना? मग लावा की एखादा माणूस. तो यांच्यापेक्षा कमी फटक्यांत घालेल, आणि यांचे चार तास वाचतील. हे मी त्यांना म्हटलं तेव्हा ते म्हणाले, 'छे, तो व्यायाम आहे.' आणि मी 19 फूट लांबीच्या पेटाऱ्यात कोपरावर सरपटत वंगण लावतो ते काय शवासन आहे?

दुसरी आघाडी पुण्याची. आमचा दादा. 'अरे, तुमच्याकडे माणसं मिळत नाहीत का?' माणसं मिळतात. पण दादाच्या प्रश्नातलं 'माणसं' हे वेगळं असतं. 'माणूस बोलवला', 'माणूस आला नाही', 'माणसाला चहा दिला का?' या वाक्यांतला माणूस म्हणजे आपण नव्हे, हे मराठी मध्यमवर्गात जन्मलेल्या पोराला मुंजीच्या आधीपासून कळतं. आपल्याकडे हात आणि डोकं यांची वाटणी फार जुनी आहे. कामं बारा बलुतेदारांनी करायची, आणि त्यांच्या कामातल्या चुका आपण ओसरीवर बसून काढायच्या. ज्याला रंधा धरता येत नाही तो सुताराला गुण्यात कसं धरावं ते शिकवणार. इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं तेही हात काळे होऊ नयेत म्हणून. वर्कशॉपच्या तासाला खाकी कपडे घालून कानशीने लोखंड घासलं, ते परीक्षकाला दाखवलं, आणि पुन्हा कानस हातात धरायची नाही अशी शपथ घेतल्यासारखे आम्ही सगळे टेबलाशी जाऊन बसलो. दादा स्वतः सरकारी खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला. घरातला नळ गळतो तेव्हा तो प्लंबरला फोन करतो आणि प्लंबर येईपर्यंत नळाखाली बादली कुठे ठेवायची यावर घरात मार्गदर्शन करतो.

मंडळी, जो खेळ खेळायला ही बोट लागते, तो खेळच मुळी घरच्या सुतारकामातून निघालेला आहे. 1922 साली, याच मिनेसोटात, लेक सिटी नावाच्या गावात राल्फ सॅम्युअलसन नावाचा 18 वर्षांचा पोरगा होता. गावाला लागून मिसिसिपी नदी रुंदावते, त्याला लेक पेपिन म्हणतात. बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग त्याने पाइनच्या 8 फुटी फळ्या आणल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले आणि भावाला म्हणाला, चालव बोट. कित्येक दिवस पाणी प्यायल्यावर 2 जुलैला, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला. गावातल्या किती जणांनी त्याला 'दुकानातून का नाही घेत?' असं विचारलं असेल याची नोंद नाही. विचारलं असतं तरी दुकानात तसली वस्तूच नव्हती. पठ्ठ्याने पेटंटही घेतलं नाही. ते 1925 साली फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच गृहस्थांनी घेतलं. आमचे सी.ए. मित्र तेव्हा असते तर त्यांनी सॅम्युअलसनची चांगलीच कानउघाडणी केली असती.

पुढे बोटींचं शास्त्र वाढलं. साधी बोट वेगाने गेली की मागे पाण्याचे दोन उंचवटे सोडते. स्कीवाल्याला त्या उंचवट्यांवरून सारखं इकडून तिकडे जायचं असतं, त्यामुळे ते जितके बुटके तितके बरे. स्पर्धेतला मार्ग 259 मीटरचा. त्यात सहा तरंगते चेंडू, एक डावीकडे, एक उजवीकडे. बोट मधून सरळ जाणार, पुरुषांसाठी ताशी 58 किलोमीटरपर्यंत, आणि मागच्या इसमाने प्रत्येक चेंडूला बाहेरून वळसा घालायचा. हे साधायला खास बोट लागते. फ्लोरिडात लिओ बेंट्झ यांनी तशी एक आखली आणि 1961 पासून ती 'स्की नॉटिक' या नावाने निघू लागली. 1968 साली टेनेसी राज्यात 'मास्टरक्राफ्ट' सुरू झाली. इंजिन मागे न टांगता बरोबर मध्यभागी, त्याच्या पुढे दोरीचा खांब, तळाला सरळ चालावं म्हणून छोटे पंख. माझी बोट याच गोत्रातली. हे गोत्र कळल्यावर माणसाला ती टाकवत नाही. गोत्र बघून माणसं काय काय पदरात घेतात, ही तर साधी बोट आहे.

आता कुजण्याबद्दल. त्या काळात बऱ्याच कारखान्यांची रीत अशी होती की फायबरग्लासच्या कवचात तळाशी लांबच लांब लाकडी तुळया घालायच्या, त्यांच्यावरही फायबरग्लास चढवायचं, आणि मधल्या पोकळ्यांत फुगणारा फेस ओतून वर फळ्या ठोकायच्या. या तुळयांवर इंजिन बसतं. इंजिन बसवायचं म्हणजे तुळईत भोकं पाडून बोल्ट घालायचे. भोक आलं की पाणी आलंच. लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरचं फायबरग्लास मात्र सुनेसमोर बसलेल्या सासूसारखं ताठ राहतं. आणि तो फेस! बोट बुडू नये म्हणून भरलेला हा फेस कालांतराने पाणी पिऊन असा फुगतो की त्याच्याच वजनाने बोट खाली बसते. असे सल्लागार मी सरकारी समित्यांवरही पाहिले आहेत.

बोट कुजली आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. आपल्या आईने नारळ कसा घेतला, मडकं कसं घेतलं, ते आठवावं. हातोडीच्या दांड्याने तुळईवर टिचकी मारत जायचं. टण वाजलं तर जिवंत, भद्द वाजलं तर आटोपलं. माझी बोट पुढून मागे वाजवत गेलो तर सुरुवातीला मृदंग होता आणि इंजिनापाशी गादी. ड्रिलने एक भोक पाडलं, तेव्हा भुशाऐवजी चहाचा चोथा बाहेर आला, आणि तोसुद्धा तीन वेळा उकळलेल्या चहाचा.

मग करवतीने तळाच्या फळ्या कापून काढणं आलं. पंज्याने फेस उकरणं आलं. ग्राइंडरने जुनं फायबरग्लास घासणं आलं. या धुळीबद्दल मी इतकंच सांगतो की कोकणात ज्याच्या अंगाला कधी खाजकुयली लागली असेल त्याला निम्मी कल्पना येईल. पायघोळ कागदी झगा, हातमोजे, तोंडाला श्वासाचा मुखवटा, हे सगळं घालूनही ती कुठून तरी आत येतेच. गार पाण्याने आंघोळ करावी. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात आणि बोटीचा तेवढा भाग आपल्यात कायमचा राहतो. मुखवट्याच्या बाबतीत मात्र मी विनोद करणार नाही. घरी काम करायचं असेल तर तो आधी घ्यावा, मग ग्राइंडर. फुप्फुसं काही नवी मिळत नाहीत.

तुळया घालताना एकेकच घालायची असते. सगळ्या एकदम काढल्या तर कवचाला आधार राहत नाही, ते पिळवटतं, आणि मग ती बोट आयुष्यभर एका खांद्याने चालते. नवी तुळई चिकटवायला मी एपॉक्सी वापरलं, कारण ते जुन्या थरावर अधिक घट्ट धरतं. दोन द्रव मोजून एकत्र केले की घड्याळ सुरू. हे मिश्रण खोल भांड्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं आणि पाहता पाहता धुमसायला लागतं. पसरट भांड्यात ओतलं तर दमाने घेतं. हे आमच्या हिला समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, 'अहो, पाक आहे हा. लाडवाचा पाक कळतो त्याला हे कळेल.' आणि खरोखरच, पुढच्या सगळ्या घाण्यांना एकतारी-दोनतारी तीच ओळखत होती. तिच्या सासूबाईंनी दिलेली परात मात्र त्यात कामी आली. तिचं दुःख तिने आत्याला कळवलं. आत्या म्हणाली, 'परात गेली तर गेली, बोट वाचलं ना!' म्हणजे खुलासा अजून पुरता झालेलाच नाही.

शेजारी एक म्हातारेबुवा आहेत, शेतकरी, नॉर्वेच्या रक्ताचे. महिन्यातून एकदा कॉफीचा पेला घेऊन गॅरेजाच्या दारात उभे राहतात. पाच मिनिटं बघतात. दुसरी तुळई बसली त्या दिवशी म्हणाले, 'वाईट नाही.' मिनेसोटात याच्यापुढे स्तुती जात नाही. पुण्याच्या माणसाला ती भाषा समजायला अवघड पडली नाही.

इंजिन आहे फोर्डच्या 351 घन इंची व्ही-आठचा पाण्यावरचा अवतार. इथे सल्लागारांची तिसरी टोळी भेटते. हे 'नवी घ्या' म्हणत नाहीत. हे म्हणतात, 'अरे, बोटीचं स्टार्टर कशाला घेतोस? मोटारीचं निम्म्या किमतीत मिळतं, दिसायला अगदी तेच.' या टोळीचा मला पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त राग आहे, आणि तो राग विनोदी नाही. मोटारीत पेट्रोलची वाफ सुटली तर खाली रस्त्यावर जाते, वाऱ्याने उडते. बोटीला खाली रस्ता नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळात बादलीत पाणी साचावं तशी साचून राहते. बोटीचं स्टार्टर, आल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर हे सगळं ठिणगी बाहेर येणार नाही अशा बेताने बंद केलेलं असतं. कार्ब्युरेटरही असा की ओसंडलेलं पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच जावं. त्या जादा पैशांत ही बंदिस्ती मिळते. म्हणून तर इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून तळातली हवा बाहेर काढायची, आणि मग नाकाने खात्री करून किल्ली फिरवायची. चार मिनिटं थांबायला ज्याला वेळ नाही त्याने गोल्फ खेळावा. तो व्यायाम आहे.

पंख्याचा दांडा जिथे बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथे एक पितळी डबी असते. आत मेणात भिजवलेली दोरी गुंडाळलेली. ही डबी दांडा फिरताना गळायला हवी. मिनिटाला काही थेंब. तेच थेंब दांड्याला थंड ठेवतात. पार गळायची थांबवली की दोरी जळते आणि दांडा खरवडला जातो. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यभर गळणाऱ्या धरणांच्या चौकशांना उत्तरं लिहिण्यात गेलेला माणूस तो. 'गळणं हेच डिझाइन आहे' हे वाक्य त्याला तीस वर्षं आधी मिळायला हवं होतं.

आणि थंडी! आपल्याकडे पावसाळ्याआधी कोकणात होड्या वाळूवर ओढून शाकारतात. इथे हिवाळ्याआधी शाकारतात. झावळ्यांऐवजी प्लास्टिक, एवढाच फरक. पण त्याआधी इंजिनातलं पाणी थेंबन्‌थेंब काढावं लागतं. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि बिडाचं इंजिन मडक्यासारखं तडकतं. नुसती बुचं काढून भागत नाही. भोकात गंज साठलेला असतो, तो तारेने टोचावा लागतो. हे काम पैसे देऊन करून घेता येतं का? येतं. पण ज्याला पैसे दिले त्याने तार घातली की नाही, हे वसंतातच कळतं. मी स्वतः तार घालतो आणि जानेवारीत शांत झोपतो. सी.ए. मित्रांच्या कागदावर या झोपेचा रकाना नाही.

चौथे लोक आहेत शुद्धिवादी. यांच्याकडे जुन्या बोटी असतात, आणि अशा चकचकीत की त्यांत स्वतःचं तोंड बघून दाढी करावी. यांना माझ्या बोटीचं तपकिरी व्हिनाइल मूळच्याच छटेचं हवं, पट्टा मूळच्याच नारिंगीचा, बोल्टची डोकीसुद्धा मूळच्याच वळणाची. लाकडाच्या जागी मी एखादी न कुजणारी फळी घालायचं म्हटलं तर हे सुतक धरतात. मूळचं लाकूडच कुजलं होतं ना? मग कुजण्याची परंपराही जपायची का? यांची बोट ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाते आणि ट्रेलरवरूनच परत येते. पाणी लागलं तर डाग पडेल! सोवळ्यातले देव परवडले, ते निदान रोज आंघोळ तरी करतात.

जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाही. जुन्यात सोनं कमी आणि चोथा जास्त, हे मी माझ्या नखांनी उकरलं आहे. पण नवी घेतल्यावर या जुनीचं काय करायचं, हे 'नवी घ्या'वाल्यांपैकी एकालाही सुचलेलं नाही. लोखंड भंगारवाला घेतो. रद्दी रद्दीवाला घेतो, आणि वजनात मारतो तो भाग वेगळा. फायबरग्लास एकदा घट्ट झालं की धातूसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही. जुनी बोट करवतीने तुकडे करून कचऱ्याच्या खड्ड्यात पुरतात, आणि त्याचे पैसे आपणच द्यायचे. ते नको म्हणून कित्येक जण तिला रात्री कुठेतरी सोडून पळ काढतात, मांजराची पिल्लं सोडावीत तशी.

बोटीच्या मागे पाण्यालगत चढायला एक फळी असते. माझ्या बोटीची आहे सागवानाची. चाळीस वर्षं पाणी पिऊन राखाडी झालेली. पॉलिश पेपर मारत गेलो आणि एका रविवारी आतून तो मधासारखा रंग वर आला, तेलाचा वास आला, आणि माझा हात थांबला. हा वास आमच्या पुण्याच्या वाड्याच्या माळ्याचा. त्या वाड्याला सागाच्या तुळया होत्या, दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या. दादाने तो वाडा बिल्डरला दिला. त्याचंही बरोबर होतं, जिना पडायला आला होता, वाटेकरी सतरा होते. तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने उचलल्या. मागच्या खेपेला दादाने मला ज्या हॉटेलात जेवायला नेलं, तिथली टेबलं जुन्या वाड्यांच्या तुळयांची आहेत असं मेन्यूकार्डावरच छापलेलं होतं. दादा टेबलावर हात फिरवत म्हणाला, 'काय लाकूड आहे रे!' बिल मी दिलं.

माझी लेक सोळा वर्षांची आहे. दुसरी तुळई तिने घातली आहे. मापं तिची, कापणं तिचं, पाक तिच्या आईचा. गणपतीला मंडळात गेली तेव्हा नखांत एपॉक्सी होतं. एक बाई हळहळल्या, 'अगं, मुलीचे हात बघ काय झालेत!' आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'एवढी हुशार मुलगी आहे, तिला हे कशाला शिकवता?' जणू हुशारी ही फर्निचरच्या आच्छादनासारखी वस्तू आहे, वापरली की मळते! तिच्या वर्गातल्या पोरांना फोन बिघडला की नवा फोन, सायकल बिघडली की नवी सायकल, एवढंच ठाऊक. वस्तूला आत असतं आणि ते उघडून बघता येतं, ही बातमीच त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. आमच्या लेकीला ती पोचली आहे. परवा घरातलं धुण्याचं यंत्र बंद पडलं तेव्हा मी खिशातून फोन काढला, तर म्हणाली, 'बाबा, थांबा. मागचं झाकण तरी काढू.' यंत्रात तिच्या आईची हेअरपिन निघाली. त्या बाईंच्या घरी त्याच आठवड्यात नवं यंत्र आलं. त्यांच्या जुन्यात काय अडकलं होतं, ते आता कोणालाच कळायचं नाही.

आता इंजिन तुळयांवर बसलं आहे. दांडा आणि गिअरची तबकडी जुळवायचं काम राहिलंय. दोन तबकड्यांमधली फट सगळीकडून सारखी हवी. फार तर इंचाच्या तीन हजारांश भागाचा फरक, पातळ पत्रीने चाचपून बघायचा. गॅरेजात जुळवलं तरी बोट पाण्यात उतरली की अंग सैल सोडते, म्हणून तिथे पुन्हा एकदा जुळवायचं. या कामाला इंजिनाच्या पलीकडून टॉर्च धरणारा एक माणूस लागतो. लेकीची परीक्षा आहे, म्हाताऱ्याबुवांचे गुडघे धरलेत. म्हणून सी.ए. मित्रांना मी शनिवारी सकाळी बोलावलं. गोल्फ पावसाने रद्द झाल्यामुळे ते चक्क हो म्हणाले. मी म्हटलं, वंगण लागेल, जुने कपडे घालून या.

'जुने?' ते म्हणाले. 'जुने कपडे आम्ही ठेवतच नाही.'